एमएओए: बंद पडलेलं जनुक आणि मंद चालणारं जनुक

हिंसक गुन्हा घडला की "हे रक्तातच असतं" म्हणणारे हल्ली एमएओए जनुकाचा दाखला देतात. त्याला ‘योद्धा जनुक’ असं झकास नावही मिळालंय. पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) मेंदूतल्या सेरोटोनिन, डोपामिनसारख्या निरोप्या द्रव्यांचा निचरा करतं. १९९३ साली नेदरलँड्समधल्या हान ब्रुनर यांनी एका घराण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या काही पुरुषांमध्ये या जनुकातलं एकच अक्षर बदललं होतं आणि विकर बनणंच बंद झालं होतं. बुद्धी सामान्याहून थोडी कमी, आणि क्षुल्लक कारणावरून भडका. काम नीट नाही असं सुनावल्यावर एकाने साहेबाच्या अंगावर गाडी घालायचा प्रयत्न केला होता. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, पुरुषाकडे त्याची एकच प्रत. त्याच घरातल्या बायकांना दुसऱ्या, चांगल्या प्रतीने तारलं. अशी घराणी जगभरात बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहेत.

दुसरी गोष्ट मंद जनुकाची. इथे विकर बनतं, फक्त कमी. हा दोष नव्हे, सर्रास आढळणारा प्रकार आहे. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत. २००२ साली अवशलोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या ४४२ पुरुषांची माहिती तपासली. ३७ टक्क्यांकडे मंद प्रकार निघाला. लहानपणी मारहाण, छळ सोसलेल्यांमध्ये हा प्रकार असेल तर पुढे हिंसक वर्तन बरंच जास्त दिसलं. पण ज्यांचं बालपण धड गेलं, त्यांच्यात मंद जनुकाने एकट्याने काहीच वेगळं घडवलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हाच, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. नंतरच्या काही अभ्यासांत हा जनुक-छळ संबंध पुन्हा दिसला, काहींत नाही.

तरी इटलीतल्या त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये एका खुन्याची शिक्षा जनुकांच्या आधारे वर्षभराने घटवली. त्यात मंद एमएओएही होतं, म्हणजे लाखो शांत माणसांकडे असतं तेच. मला हे पटत नाही. २००६ साली तर न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी पुरुषांमध्ये मंद प्रकार जास्त आढळतो म्हणून अख्ख्या समाजावर शिक्का बसू लागला. चिनी पुरुषांमध्येही निम्म्याहून अधिकांकडे तो असतो, त्यांना कुणी योद्धे म्हणत नाही.

आपल्याकडे शिक्का मारायला जनुकही लागलं नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणाने पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची वसाहतच होती. १९५२ साली कायदा गेला, पण कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पोलीस आजही येतात आणि बापाला मार खाताना पोरं बघतात. डनेडिनच्या भाषेत सांगायचं तर हा जनुकाचा नव्हे, बालपणीच्या परिस्थितीचा रकाना आहे, आणि तो आपण भरतोय.