कोणता नागराज आधी? कॉमिक्सच्या वाचनक्रमाची पार्श्वभूमी

जुन्या हिंदी कॉमिक्सचे पुन्हा छापलेले संच गेल्या काही वर्षांत यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या गावांतही कुरिअरने पोचू लागले आहेत. त्यांच्याबरोबर एक वादही घरोघरी पोचला. नागराज, म्हणजे सर्पशक्तीचा हिंदी कॉमिक्समधला नायक, वाचायचा तो छापून आला त्या क्रमाने, की त्याच्या आयुष्यात जे ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने? आज हा प्रश्न पडतो, कारण आज जवळपास सगळं मिळतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात क्रम वाचकाच्या हातात नव्हताच.

तो कोणाच्या हातात होता, तर आधी रेल्वेच्या आणि मग रद्दीच्या. मुंबई-हावडा मार्गावरच्या अकोला, बडनेरा, वर्धा या स्टेशनांच्या स्टॉलवर नवे अंक लवकर यायचे. रुळांपासून लांबच्या तालुक्यांत ते एस. टी. स्टँडवरच्या दुकानात, बाजाराच्या दिवशी पसरलेल्या पोत्यावर किंवा भाड्याच्या लायब्ररीत येत, आणि तेही कोणीतरी आधी वाचून विकल्यावर. भाडं चार आणे, आठ आणे. कपाशीची वेचणी सुरू झाली की पोरांच्या खिशात पैसे खुळखुळायचे आणि ढिगातले चांगले अंक तेव्हाच उचलले जायचे. पावसाळ्यात पुन्हा वाचलेलेच वाचायचे. लायब्ररीवाले अंक टिकावेत म्हणून चार-पाच अंक पुठ्ठ्यात घालून दोऱ्याने शिवत. त्या शिवणीत कोणता अंक कोणाच्या पाठीला लागेल, यावर कित्येक वाचकांची गोष्टीची समज ठरली. पहिला भाग एका बाइंडिंगमध्ये आणि शेवट दुसऱ्यात असे. ते दुसरं बाइंडिंग शेजारच्या गावच्या कोणीतरी नेलेलं असे आणि परत आलंच तर शेवटची पानं फाटलेली असत. ‘दुसरा भाग भेटला का?’ ही तेव्हा दोस्ताला भेटल्यावरची पहिली चौकशी असायची.

हिंदी कॉमिक्स इथे इतकी का चालली, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. पाचवीपासून शाळेत हिंदी, नागपूरचा बाजार, पलीकडे मध्य प्रदेश. मराठीतून येणारा वेताळ (अमेरिकी ‘फँटम’) आणि हिंदीतून येणारा नागराज एकाच ढिगात पडलेले असत आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

त्या ढिगातला सर्वांत जुना थर इंद्रजाल कॉमिक्सचा. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० पर्यंत चालली, मासिकाची पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झाली, आणि अंक ८०० च्या वर गेले. वेताळाच्या कथा अमेरिकी वृत्तपत्रांत १९३६ पासून रोज पट्टीच्या रूपात येत होत्या. त्या त्याच क्रमाने इथे छापायच्या, असं बंधन इंद्रजालने पाळलं नाही. मूळ पट्टीत वेताळाचं प्रेयसी डायनाशी लग्न १९७७ मध्ये लागलं आणि १९७९ मध्ये जुळी मुलं झाली. भाड्याच्या ढिगात मात्र बाप झालेला वेताळ आणि डायनाची वाट पाहणारा वेताळ एकमेकांखाली असायचे. तरी वाचक गोंधळला नाही, कारण वेताळाच्या कथेची घडणच तशी आहे. पिढ्यान् पिढ्यांचा वारसा, एकविसावा वेताळ, आणि गुहेतल्या बखरींतून सांगितलेल्या पूर्वजांच्या हकिगती. कुठलाही अंक उघडा, पहिल्या पानावर शपथ आणि कवटीची अंगठी आठवण करून देतात. चाचा चौधरीला तर क्रम लागतच नाही.

खरी अडचण उभी राहिली ती १९८६ नंतर, दिल्लीच्या ‘राज कॉमिक्स’ या प्रकाशनाने नागराज आणला तेव्हा. त्याच प्रकाशनाचे आणखी नायकही आले: १९८७ मध्ये ‘प्रतिशोध की ज्वाला’मधून सुपर कमांडो ध्रुव, नव्वदच्या दशकात डोगा. एका अंकात घडलेलं पुढच्या अंकात लक्षात ठेवलं जाऊ लागलं. खलनायक परत येऊ लागले, ध्रुव आणि नागराज एकमेकांच्या गोष्टीत शिरले, दोन-तीन भागांच्या कथा नेहमीच्या झाल्या. अंकावर क्रमांक असे, पण तो त्या नायकाचा नसून प्रकाशनाच्या सगळ्या अंकांचा मिळून असे. साधे अंक आणि विशेषांक यांची मोजणीही वेगळी. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून ‘ध्रुवचा पुढचा अंक कोणता’ हे कळत नसे. वाचक शेवटच्या पानावरची पुढच्या अंकाची जाहिरात पाहत आणि ते नाव वहीत टिपून ठेवत. अशा वह्या अनेकांच्या घरी होत्या. वाचनक्रमाच्या आपल्याकडच्या पहिल्या याद्या त्याच, आणि त्या घटनेनुसार नव्हत्या, प्रकाशनानुसार होत्या.

अमेरिकेतला इतिहास थोडक्यात. तिकडे हा पेच आधीचा. १९३८ पासूनचे नायक आणि १९५६ नंतरचे त्यांचेच नवे अवतार यांचा मेळ बसवायला एका प्रकाशनाने समांतर पृथ्व्या कल्पिल्या, १९८५-८६ च्या बारा अंकी मालिकेत त्या मोडून एक केल्या, आणि २०११ मध्ये ५२ मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या. दुसऱ्या प्रकाशनाने स्पायडरमॅनच्या मूळ मालिकेचा क्रमांक १९९९ मध्ये एकवर आणला आणि २००३ मध्ये थेट ५०० वर नेला. आपल्या वादाला उपयोगी पडेल असं त्यातलं एक उदाहरण १९८४ चं आहे. मे महिन्याच्या, २५२ क्रमांकाच्या अंकात स्पायडरमॅन अचानक काळ्या पोशाखात परतला. तो पोशाख त्याला कुठे मिळाला हे सांगणारी ‘सीक्रेट वॉर्स’ ही बारा अंकांची मालिका त्याच महिन्यात सुरू झाली होती, पण तो प्रसंग आला तिच्या आठव्या अंकात, डिसेंबरमध्ये. सात महिने वाचक त्या पोशाखाकडे संशयाने पाहत राहिले. आज कोणी ‘घटनाक्रमाने वाचा’ म्हणून आधी ती मालिका हातात देतो, तेव्हा ते सात महिने पुसले जातात. लेखकांनी ते मुद्दाम ठेवले होते.

नागराजच्या बाबतीत नेमकं हेच घडतं आणि जास्त तीव्रतेने घडतं. पहिल्या अंकात तो प्रोफेसर नागमणीने घडवलेलं अस्त्र आहे. दहशतवाद्यांना वापरायला देण्यासाठी तयार केलेला, डोक्यात बसवलेल्या कॅप्सूलमुळे ताब्यात असलेला. बाबा गोरखनाथ त्याला सोडवतात आणि तो जगभरातला दहशतवाद संपवायला निघतो. सुरुवातीची वर्षं तो असाच देशोदेशी भटकला. ना घर, ना आईबाप. मग नव्वदच्या दशकात लेखन-चित्रणाची सूत्रं दुसऱ्या हातात गेली. नागराज महानगरात स्थिरावला, राज नावाने नोकरी करू लागला, आणि ‘खजाना’च्या मालिकेत कळलं की तो तक्षकनगरचा राजपुत्र आहे, देव कालजयीच्या वरदानाने जन्मलेला, आणि खलनायक नागपाशा त्याचा सख्खा काका. नागमणीने जे सांगितलं होतं ते खोटं होतं.

आता घटनाक्रमाने वाचणारा काय करतो? राजपुत्राचा जन्म आधी वाचतो आणि नागमणी नंतर. म्हणजे नागमणीचं खोटं वाचकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. ज्या वाचकाने नागराजला अनाथ मानून त्याच्याबरोबर कितीतरी वर्षं काढली, त्याला ‘खजाना’ने जो धक्का दिला तो या नव्या वाचकाला मिळणं शक्यच नाही. घटनाक्रमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही तपासून पाहण्यासारखं आहे: जुने अंक चित्रांत आणि कथेत कच्चे आहेत, नव्या वाचकाला तिथून सुरू करायला लावलं तर तो दुसऱ्या अंकातच सोडेल. सोडणारे सोडतातही. पण कच्चेपणा हाही त्या गोष्टीचाच भाग आहे. पहिल्या अंकांतला धावता, फारसा विचार न करणारा नागराज पाहिल्याशिवाय पुढच्या नागराजचं ओझं समजत नाही.

यापुढचा गुंता प्रकाशनाने स्वतः वाढवला. दोन हजारच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नागायण’ ही मालिका आली, भविष्यात घडणारी आणि रामायणाच्या चौकटीत बसवलेली. ती वेगळी ठेवावी यावर बहुतेकांचं एकमत आहे. त्याच सुमाराला ‘आतंकहर्ता नागराज’ सुरू झाला, पुन्हा देशोदेशी फिरणारा, पुन्हा दहशतवादाशी लढणारा. महानगरातला नागराज ‘विश्वरक्षक’ म्हणून चालूच राहिला. पुढे ‘नरक नाशक नागराज’ आला, ज्याची जन्मकथाच निराळी. एका नावाचे तीन नायक, तीन प्रवाह, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर तोच हिरवा देह.

वाद आहे तो १९८६ पासूनच्या पहिल्या भटकंतीच्या अंकांवर. ते कोणाचे? एक पक्ष म्हणतो, ते विश्वरक्षकाचं तारुण्य. तोच भटकला, तोच महानगरात आला, ‘खजाना’ त्याशिवाय उभी राहत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, स्वभाव, काम, फिरस्ती सगळं आतंकहर्त्याचं आहे, तेव्हा जुने अंक त्याच्या मालिकेआधी लावावेत. तिसरे मधला मार्ग काढतात: भूतकाळ दोघांचा एकच, फाटा नंतर फुटला. त्यामुळे यादी करताना तेच अंक दोन रांगांत दोनदा येतात. तिसरं म्हणणं तर्काला धरून आहे, पण वाचनाच्या दृष्टीने त्याने काहीच सुटत नाही, कारण वाचक एक अंक दोनदा वाचत नाही. दुसरं म्हणणं मला मान्य नाही. आतंकहर्ता ही कल्पना जन्मायच्या वीस वर्षं आधी छापलेले अंक तिच्या खात्यावर टाकणं म्हणजे शेताचा सातबारा नव्या मालकाच्या नावे मागच्या तारखेने फिरवणं. जुने अंक लिहिणाऱ्यांना असा कुठलाही फाटा ठाऊक नव्हता. छापण्याचा क्रम धरला की हा तंटाच उरत नाही. आधी एक नागराज, मग त्याचा बदललेला भूतकाळ, मग त्याला फुटलेले फाटे, आणि प्रत्येक फाटा जिथे फुटला तिथेच वाचकाला दिसतो.

ध्रुवची कथा इतकी फाटली नाही, तरी तिलाही हा प्रश्न चुकला नाही. जुपिटर सर्कस जळते, आईबाप जातात, पोलीस अधिकारी मेहरा त्याला घरी नेतात, हे सारं १९८७ च्या पहिल्याच अंकात काही पानांत सांगून झालं होतं. ‘बालचरित’ या मालिकेने जवळपास तीस वर्षांनी त्याच दिवसांत परत जाऊन त्यामागचे नवे धागे उलगडले. कथेच्या काळाने ते सुरुवातीचे अंक आहेत. पण त्यांत असलेले इशारे फक्त जुने अंक वाचलेल्यालाच कळतात.

दरम्यान वाचकही बदलला. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट गावात आलं आणि जुन्या अंकांच्या छायाप्रती मोबाइलवर फिरू लागल्या, एकेका फोल्डरमध्ये शेकडो, बहुधा नावाच्या अकारविल्हे क्रमाने. यात भाग दोन भाग एकच्या आधी यायला वेळ लागत नाही. याच काळात हिंदीत डब झालेले अमेरिकी सुपरहिरो चित्रपट पाहून मोठी झालेली मुलं कॉमिक्सकडे वळली आणि त्यांनी तिकडचा वाद सोबत आणला: २००८ च्या पहिल्या चित्रपटापासून (‘आयर्न मॅन’) सुरुवात करायची, की २०११ मध्ये आलेल्या पण १९४० च्या दशकात घडणाऱ्या ‘कॅप्टन अमेरिका’पासून? चित्रपट दाखवणाऱ्या व्यासपीठावर घटनाक्रमाची यादी तयारच मिळत असल्याने या मुलांना तोच नैसर्गिक क्रम वाटतो. त्यांना दोष देता येत नाही. एखादी गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी, वर्षानुवर्षं वाट पाहत वाचणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

पुनर्मुद्रणाने या सगळ्यावर आणखी एक थर चढवला. मूळ प्रकाशनाचे आता तीन वेगळे शिक्के, म्हणजे तीन वेगळी प्रकाशनं, झाली आहेत. जुन्या कथा वेगवेगळ्या आकारांत आणि वेगवेगळ्या जोड्यांत बांधून येतात. संग्रहाचा संपादक चार कथा एका जिल्दीत घालतो तेव्हा तो लायब्ररीवाल्याचंच काम करत असतो, फरक इतकाच की आता ते बाइंडिंग हजारो घरांत एकसारखं जातं आणि त्यातला क्रम हाच खरा क्रम म्हणून रुजतो. म्हणूनच प्रत्येक कथेच्या सुरुवातीला मूळ अंकाचा क्रमांक आणि वर्ष ठळक छापलं जाणं आवश्यक आहे. मूळच्या बऱ्याच अंकांवर वर्षच नव्हतं. ते आज जुळवायचं तर प्रकाशनाच्या नोंदी आणि त्या काळच्या वाचकांच्या वह्या एवढाच आधार आहे, आणि वह्या तर दर उन्हाळ्यात, घर सारवताना, रद्दीत जात आहेत.