सेंट हेलेना ते असेन्शन: उड्डाण दोन तासांचं, प्रवास किती दिवसांचा?

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना आणि असेन्शन या दोन ब्रिटिश बेटांमध्ये ती सुमारे 1,300 किलोमीटर भरते. कुठे 700 मैल छापलेलं असतं, कुठे 800. पहिले सागरी मैल (साध्यापेक्षा थोडे लांब), दुसरे साधे. दोन्हीकडची घड्याळं ग्रीनिच वेळेवर चालतात, म्हणजे तीही भानगड नाही.

घोळ होतो तो 'वेळ' या रकान्यात. अंतर काढून देणारी संकेतस्थळं या 1,300 ला जेट विमानाच्या सरासरी वेगाने भागतात, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं मिळवतात आणि ठळक अक्षरांत सांगून मोकळी होतात: प्रवासाला सुमारे 2 तास. अहो, हा प्रवासाचा वेळ नाही! हा उड्डाणाचा वेळ आहे, तोही विमान दारात उभं आहे असं धरून. त्या मार्गावर विमान जातं का, कधी जातं, हे त्या भागाकाराला ठाऊकच नसतं. जिथे धावपट्टीच नाही अशा दोन खडकांमधलाही 'प्रवासाचा वेळ' तो बिनदिक्कत काढून देईल.

प्रवासाचा वेळ वेळापत्रक ठरवतं. सेंट हेलेनाचा विमानतळ 2016 मध्ये तयार झाला, पण कड्यावरच्या धावपट्टीशी वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो, म्हणून जोहान्सबर्गहून नियमित विमान यायला ऑक्टोबर 2017 उजाडला. तेच विमान महिन्यातून एकदा पुढे असेन्शनपर्यंत जाऊ लागलं. महिन्यातून एकदा! ते चुकलं की दोन तासांच्या प्रवासासाठी चार आठवडे थांबा. नाहीतर सेंट हेलेनाहून जोहान्सबर्ग, तिथून इंग्लंड, आणि मग ब्रिटिश हवाई दलाच्या विमानात जागा मिळवून साडेसहा हजार किलोमीटरांहून दूरचं असेन्शन गाठा. हाही मार्ग कायम खुला असतोच असं नाही: असेन्शनची धावपट्टी खराब झाली म्हणून 2017 मध्ये तिथे मोठी विमानं उतरणं बंद झालं आणि पुढे कित्येक वर्षं बंदच राहिलं.

(नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवल्यावर 1815 मध्ये ब्रिटिशांनी खबरदारी म्हणून असेन्शनवरही सैनिक बसवले. शिडाच्या जहाजांच्या काळातही त्यांना ही बेटं एकमेकांच्या जवळचीच वाटली होती.)

माझं स्पष्ट मत: रोजचं विमान नसलेल्या मार्गापुढे वेळेचा रकाना कोरा ठेवावा. अंदाज छापायचाच तर त्याला 'उड्डाणाचा वेळ' म्हणावं आणि शेजारी 'महिन्यातून किती फेऱ्या' हे लिहावं. आणि हो, असेन्शनला उतरायला प्रवेशाची परवानगी आधीच काढावी लागते. ती हातात येईपर्यंतचे दिवसही कोणी या दोन तासांत धरत नाही.