आमटीत कोकम कधी घालायचं?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "मावशी, डाळ तासभर उकळतेय, पण दाणा काही मोडत नाही. माझं काय चुकलं?" ती शिकायला छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहते आणि पहिल्यांदाच स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते आहे. कुकरची रिंग फाटली, म्हणून त्या दिवशी तिने डाळ पातेल्यातच शिजत लावली होती. मी म्हटलं, एक दाणा काढ आणि अंगठ्या-बोटात दाबून बघ. दाणा फुगला होता, कडेने मऊ झाला होता, पण आत टणक कणी तशीच होती. "पातेल्यात काय काय घातलंस?" तुरीची डाळ, हळद, मीठ, एक टोमॅटो, चार कोकमं आणि पाणी बोअरचं. सगळं एकदम घातलेलं.

माझ्या आईने मला हे शिकवताना एवढंच सांगितलं होतं, की डाळ शिजून घोटल्याशिवाय आंबट घालायचं नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाचीने मात्र विचारलं आणि मला ते फार आवडलं.

डाळ शिजते म्हणजे दोन गोष्टी होतात. पेशींच्या आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा लेप सुटतो. डाळीचं वरण होणं मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतं. तो लेप पेक्टिनचा असतो. पेरूची जेली ज्याच्यामुळे थरथरत उभी राहते, तेच हे पेक्टिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आँरी ब्राकोनो यांनी 1825 मध्ये त्याचं वर्णन केलं. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत आणि दोन पेशींच्या मधल्या थरात ते असतं, आणि कॅल्शियम भेटलं की त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात.

उकळत्या पाण्यात या साखळ्या हळूहळू तुटतात, पेशी सुट्या होतात आणि डाळ गळते. पाणी आंबट असेल, तर हे तुटणं फार मंदावतं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक, टोमॅटोत सायट्रिक. नावं निरनिराळी असली तरी डाळीवरचा परिणाम तोच. दाणा पाणी पितो, फुगतो, पण मोडत नाही. जेलीत लिंबू पिळतात तेही पेक्टिनसाठीच. तिथे आंबटपणामुळे साखळ्यांचं जाळं बसतं, म्हणून तो हवासा. वरणात जाळं सुटायला हवं असतं, म्हणून तिथे तो नकोसा.

मग पाण्याचं काय? आपलं दख्खनचं पठार बसाल्टचं आहे. त्या खडकात मुरून आलेल्या पाण्यात अनेक ठिकाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बादलीला पांढरी पुटं चढवणारं हेच पाणी डाळीत गेलं, की त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी बळकट करतं. जुन्या बायका अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणायच्या, ते अगदी खरं होतं. यावर सोपा उपाय म्हणजे पाणी आधी उकळून गार होऊ द्यायचं आणि वरचंच ओतून घ्यायचं. क्षारांचा बराच भाग तळाला बसतो. सगळा जडपणा मात्र असा जात नाही.

डाळ जुनी असली तरी ती हट्ट करते. कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो आणि तो कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतो. दमट, उबदार जागी धान्य महिनोन्महिने राहिलं की फायटेट हळूहळू फुटतं, मोकळं झालेलं कॅल्शियम पेक्टिनकडे जातं आणि दाणा निबर होतो. पावसाळ्याआधी डाळींना कडक ऊन दाखवून डबे घट्ट लावायची आपली रीत भुंग्यांसाठी असते खरी, पण कोरडेपणाचा हाही फायदा त्यातून मिळतो.

मिठावर मात्र उगीच आळ येतो. आधी मीठ घातलं तर डाळ शिजत नाही, असं अनेक घरांत मानतात. खरं तर मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या काही कॅल्शियमची जागा घेतं आणि पकड सैल करतं. छोले, राजमा रात्री किंचित मिठाच्या पाण्यात भिजवून बघा, सालं जास्त मऊ होतात. तेव्हा त्या रात्री भाचीच्या पातेल्यातलं मीठ निर्दोष होतं.

पुढच्या रविवारी ती घरी आली तेव्हा आम्ही पडताळाच घेतला. तीन वाट्या, एकाच डब्यातली तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली, पाणी सारखंच मोजून. पहिलीत नुसती डाळ, दुसरीत चमचाभर चिंचेचा कोळ, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा. तिन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये ठेवल्या. झाकण उघडलं तेव्हा पहिल्या वाटीतली डाळ चमच्याच्या पाठीने सहज घोटली गेली. चिंचेच्या वाटीत दाणे सुटे, कडा शाबूत, मोजून घ्यावेत असे. सोड्याच्या वाटीत दाणा उरलाच नव्हता, नुसती पेज झाली होती, रंग मळकट आणि चवीला साबणासारखी. अल्कली पाण्यात पेक्टिन झपाट्याने तुटतं. पण सोड्याने थायमिन, म्हणजे ब 1 जीवनसत्त्वही नष्ट होतं, म्हणून रोजच्या वरणात तो घालू नये असं मला वाटतं.

कुकरने काम सोपं होतं ते तापमानामुळे. उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं आणि कितीही गॅस वाढवला तरी त्यापुढे जात नाही. बंद भांड्यात वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापतं. अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट होतो, म्हणजे इथे चौपटीच्या आसपास. डेनी पापँ यांनी असं भांडं 1679 मध्ये तयार केलं, हाडं मऊ करायला. आपल्याकडे त्याच तत्त्वावर रोज वरण-भात होतो. एकदा शिट्टी झाली की गॅस बारीक करावा. मोठ्या आचेने आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ वाया जाते. डाळीत तेलाचा थेंब टाकावा, तोही कारणाने. डाळीतली प्रथिनं आणि सॅपोनिनं फेस करतात, तेल तो फेस मोडतं, आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही.

डाळ एकदा घोटली गेली की चिंच, कोकम, टोमॅटो काहीही घाला, सुटलेल्या पेशी पुन्हा चिकटत नाहीत. लिंबू तर पानावरच पिळावं. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, आणि ते जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. वरण-भातावर लिंबू पिळणं मला म्हणूनच इतकं मोलाचं वाटतं. ज्या घरांत लोहाची कमतरता आहे, तिथे रोजच्या पानात लिंबाची फोड असावीच.

हे सगळं ऐकून भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जी भाजी मोडायला नको, तिच्यात आंबट आधी घालायचं?" हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, पण उत्तर होच आहे. सांबारातल्या शेंगा आणि भोपळा चिंचेच्या पाण्यात शिजवले की फोडी धड राहतात. भेंडीत आमसूल घालतो तेव्हा तार कमी होते, तिथेही आम्लच काम करतं, फक्त या वेळी चिकट रसावर.

परवा तिने फोटो पाठवला, बटाट्याच्या रश्शाचा. कोकमं फोडींबरोबरच टाकली होती, मुद्दाम. रस्सा चांगला उकळलेला, आणि बटाट्याच्या फोडींचे कोपरे सुरीने कापले तसे उभे.