चाकरमानी (एकोणिसावे शतक)

नोकरी मुंबईत आणि घर कोकणात, असा दोन ठिकाणी संसार चालवणारा कर्ता पुरुष. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग त्यातच मोडे) मुंबईला गेलेले गिरणी कामगार, हमाल, घरगडी, शिपाई हे सारे चाकरमानीच. १८८१ च्या जनगणनेत मुंबईत या एका जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखांवर लोक होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गिरणी कामगाराचा विचार केला आहे.

गाव सोडण्याचे कारण बहुधा जमीन हेच असे. डोंगरउताराची तुटपुंजी शेती, तीही अनेकदा खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताकडे गेला की उरलेले भात वर्षभर पुरत नसे. कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि रोख पगाराची वाट खुली झाली. ही वाट समुद्राची होती. गडी आगबोटीने मुंबईला उतरे आणि गाववाल्यांच्या खोलीवर वळकटी टाके. एका खोलीत अनेक जण राहत, पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. ही खानावळ पुष्कळदा चाळीतलीच एखादी बाई चालवी.

काम जॉबरच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या मुकादमाच्या हाती. लावणारा तोच, काढणारा तोच आणि त्याची दस्तुरी (दलाली) पगारातून जाई. गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. विजेचे दिवे आल्यावर तास आणखी वाढले. पगार महिना उलटून गेल्यावर होई, त्यामुळे वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज कायमचे मागे लागलेले. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर मात्र १९११ पर्यंत कायद्याची मर्यादा नव्हती.

त्या काळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेच्या आसपास स्त्रिया होत्या. या आकड्यावरून चाकरमान्याला एकटा, मोकळा पुरुष मानणे चूक आहे. तो बायकापोरांचा माणूस होता. फक्त ती माणसे त्याच्याजवळ नव्हती. आधी गावी जाणाऱ्याच्या हाती आणि १८८० पासून टपालाच्या मनिऑर्डरने तो पैसे धाडी. मात्र घर त्याच्या एकट्याच्या कमाईवर चाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भात लावणे, गुरे राखणे, म्हाताऱ्यांची सेवा, खोताचे देणे हे सारे बायको निभावून नेई. काम सुटले, आजार झाला, अंग थकले, तर त्याला पोसणारे तेच घर होते. गिरणीमालकाने जी तरतूद करायला हवी होती ती कोकणातल्या बाईने केली, आणि गिरण्यांना मजूर स्वस्तात मिळाला. शिमग्याला किंवा लग्नकार्याला तो गावी येई. तेवढ्यात त्याच्या जागी बदली कामगार उभा राही आणि परतल्यावर पुन्हा जॉबरची मनधरणी आली.

क्षय, पटकी, ताप ही मरणाची नेहमीची कारणे. असाध्य दुखण्याचा माणूस शक्य तोवर गावी नेला जाई, त्यामुळे असे कित्येक मृत्यू शहराच्या नोंदीत आलेच नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि चाळींवर तपासणी, सक्तीचे इस्पितळ, विलगीकरण अशी आफत कोसळली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी भीती पसरली. ती केवळ अडाणीपणातून आलेली नव्हती : घरच्यांपासून दूर मरण येणे, अंत्यविधी आपल्या हातांनी न होणे हे त्या माणसांना मरणाहून जड होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. गिरण्यांना माणसे टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी आली. खुद्द लोखंडेही फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले.

कर्ता गेल्यावर गिरणीकडून काही मिळेलच असे नव्हते. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आला. तेराव्यानंतर वाण्याचा आणि खोताचा हिशेब विधवेसमोर येई. थोरला मुलगा हाताशी आला असेल तर तो बापाच्याच खोलीवर, बहुधा त्याच जॉबरकडे जाई. १८९१ च्या कायद्यानुसार ९ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला गिरणीत दिवसाला ७ तास काम करता येत होते.