नागपुरातून निघालेला अंगठा

नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे खाऊन झाल्यावर आता सुट्ट्या पैशांवरून हुज्जत होत नाही. 'भाऊ, स्कॅनर कुठाय?' एवढंच विचारायचं. गाडीवरचा डबा हिंदीत रक्कम ओरडून सांगतो आणि पोहेवाला मान वर न करता पुढच्या प्लेटवर तर्री ओततो.

गंमत म्हणजे, याच शहरातून सुरुवात झाली होती वेगळ्याच गोष्टीची. १४ एप्रिल २०१७ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी मानकापूरच्या क्रीडा संकुलात 'भीम-आधार' सुरू केलं. ग्राहकाकडे ना फोन हवा, ना कार्ड. दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा टेकवला की पैसे वळते. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्याचा चटका ताजा होता.

पण दुकानात अंगठा काही रुजला नाही. त्यासाठी ठसे वाचणारं यंत्र विकत घ्यावं लागे. क्यूआरचा कागद चिकटवला की काम भागत होतं. शिवाय राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला चटकन ओळखू येत नाहीत. मला आणखी एक वाटतं: ज्यांच्या घरात सही शिकणं ही अभिमानाची गोष्ट होती, त्यांना चारचौघांत पुन्हा अंगठा लावणं कसं रुचावं? तो टिकला खेड्यात, 'बँक मित्रा'कडे, म्हणजे गावात बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीकडे. तेही कॅशलेससाठी नव्हे, खात्यातली रोकड काढायला!

शहरात बाजी मारली यूपीआयने. ते आलं आधीच, एप्रिल २०१६ मध्ये. २०१४ च्या जनधनमुळे खाती होतीच, नंतर डेटा स्वस्त झाला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन पडेनासं झालं. तीन महिन्यांत लॉकडाऊन लागलं आणि नोटेला हात लावायचीच भीती बसली. कमिशनचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. इतवारीतला ठोक व्यापारी शेकड्यामागचा रुपयाही सोडत नाही, आणि का सोडावा?

आमच्या शेजारच्या काकू भाजीचे पैसे फोनवरूनच देतात. पण महिन्याच्या पाच तारखेला पासबुक पिशवीत घालून बँकेत जातात, मशीनवर एंट्री मारून घेतात आणि तिथेच उभ्या राहून एकेक ओळ बोटाने तपासतात.