जुन्या डिझेल पिकअपचा सायलेन्सर लीक : ग्राहकांसाठी माहिती

सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिकटिक, आणि गाडी तापली की आवाज गायब. बरेच जण टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेट करून घेतात आणि टिकटिक तशीच राहते. आधी मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा लोखंडी भाग) बघा. लोखंड तापून फुगतं, फट मिटते, म्हणून आवाज जातो. लीक जागेवरच असतो.

जागा शोधायला टॉर्च आणि डोळे बहुतेक वेळा पुरतात. डिझेलच्या धुरात काजळी भरपूर, त्यामुळे फटीपासून पंख्यासारखा पसरलेला काळा डाग दिसतो. तो दिसला नाही, तर इंजिन पूर्ण थंड असताना टेलपाइपमधून ब्लोअरची हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी मारतो. बुडबुडे येतील तिथे लीक.

लीक टर्बोच्या (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आधी आहे की नंतर, यावर बरंच अवलंबून. आधी असेल तर टर्बोला पुरेसा जोर मिळत नाही: चढावर गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, डिझेल जास्त पिते. इथे पेस्ट किंवा पट्टी लावून भागवू नका. सुटलेला तुकडा थेट टर्बोच्या पंख्यात जातो. साधा सिलिकॉन तर या उष्णतेत जळूनच जातो.

मॅनिफोल्डचं पॅकिंग सहसा स्वतःहून जात नाही. आधी स्टड (मॅनिफोल्ड इंजिनला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटतो किंवा मॅनिफोल्ड वाकतो, मग पॅकिंग फुंकलं जातं. ताप-थंडीत मॅनिफोल्डची टोकं सर्वांत जास्त सरकतात, म्हणून पहिल्या नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा स्टड आधी जातो. नुसतं पॅकिंग बदललं तर तोच आवाज पुन्हा येतो.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. तुटलेला स्टड हेडबाहेर (इंजिनचा वरचा भाग, ज्यात स्टड बसतो) थोडा जरी उरला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून काढता येतो. वेल्डच्या तापाने आटेही सैल होतात. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं. घाईने पिळलेला एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) आतच मोडतो, आणि तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. म्हणून या कामाची नक्की वेळ आम्ही मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय सांगत नाही.

उतरवलेल्या मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालतो. साधारण ०.२ मिमीचं पान आत गेलं की फेसिंग करायचं, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायचं. स्टड, नट, पॅकिंग सगळं नवं. जुनं एकही परत लावत नाही. कसताना मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. एम८ (८ मिमी) स्टड कसायला बहुतेक वेळा २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण शेवटचा आकडा मॅन्युअलचा.

जाळीचा फ्लेक्झिबल पाइप फाटला असेल तर इंजिनचं माउंटिंगही तपासून घ्या. बसलेल्या माउंटिंगवर इंजिन हलत राहतं आणि नवा पाइपही फाटतो. मागचा पाइप गंजून पातळ झाला असेल तर वेल्ड धरत नाही, उलट भोक मोठं होतं; तेवढा तुकडा कापून नवा जोडलेला बरा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे.

दुरुस्ती होईपर्यंत बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी थोडा जळका वास येईल. तो हाताच्या तेलाचा आणि स्प्रेचा. दुसऱ्या दिवशीही आला तर गाडी थंड असतानाच आणा, गरम मॅनिफोल्डवर नट तपासता येत नाहीत.