स्टेन्सिल आणि टोनरचा छाप : कोरण्याआधीचा घोळ

‘हातानं कोरायला घरीच टेम्प्लेट बनवलं’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं लागतं, कापलेलं की छापलेलं? कापलेलं म्हणजे स्टेन्सिल, छापलेलं म्हणजे टोनरचा, लेझर प्रिंटरच्या काळ्या पुडीचा, छाप. दोन्हींचं काम धातूवर आखणी आणण्यापुरतंच. कोरणी स्टेन्सिलच्या कडेला टेकवून चालवणाऱ्यांना तर हात जोडावेत. तिरकी धरलेली कोरणी कडेला अडते, घसरते आणि ताटावर कायमचा ओरखडा ठेवून जाते.

स्टेन्सिल बहुतेकांना येतं. जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरं कापायची, चिकटपट्टीनं बसवायची, सुईनं गिरवायची. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळू नये म्हणून १ मिमीचा सांधा सोडायचा. आहेराच्या वीस ताटांवर एकच नाव घालायचं असेल तर दुसरं काही शोधू नका.

बारीक वेलबुट्टी किंवा अंगठीवरचं अक्षर असेल तर टोनर. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स चालते, इंकजेट नाही. धातू ॲसिटोननं (टोनर मऊ करणारं, चटकन पेटणारं द्रावक) पुसून कागद पालथा चिकटवायचा, ॲसिटोननं ओलसर केलेला कापूस पाठीवर १०-१५ सेकंद दाबायचा आणि कागद सरळ वर उचलायचा. कापूस निथळत असेल तर टोनर पसरतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ला टेकला की, टोनर मऊ पडायच्या आत ॲसिटोन उडून जातं. म्हणून हे काम सकाळीच, आणि सोनाराच्या ज्योतीपासून लांब.

खरी गोची उलट-सुलटीत आहे. स्टेन्सिल जसं दिसतं तसं उमटतं. टोनरचा कागद पालथा पडतो, म्हणून प्रिंट आरशातल्यासारखी उलटी हवी. इथवर सगळे मान डोलावतात आणि मग संगणकावर चित्र उलटं करून ठेवतात, सीताबर्डीवरचा झेरॉक्सवाला ‘मिरर’वर पुन्हा टिक करतो, दोन उलट मिळून सुलट होतं आणि अंगठीवर नाव उलटं येतं. कार्बन पेपर ठेवून गिरवणार असाल तर उलटं करायचंच नाही, कारण तिथं चित्राची बाजू वर असते. लाखेवर उमटवायची मोहर असेल तर धातूवरच अक्षर उलटं हवं, म्हणजे टोनरची प्रिंट सुलटी घ्यायची.

नियम पाठ करत बसू नका. छापील बाजू खिडकीच्या काचेला लावा आणि कागदाच्या पाठीकडून बघा. आरपार जे दिसेल तेच धातूवर येणार. स्टेन्सिलही पालथं पडू शकतं, तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला मार्करनं फुली मारून ठेवा.

टोनर उमटला की लगेच सुईनं हलकं गिरवून घ्या. घामट बोट फिरलं की अर्धी रेघ पुसली जाते, आणि उरलेली अंदाजानं कोरली की ‘शा’चा काना वाकडा येतो.